गुडघा गेला म्हणजे खेळ संपला का? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही चिपळूणजवळ राहतो. लेक २० वर्षांची, युनिव्हर्सिटीच्या टीममधून नेटबॉल खेळायची, सेंटरला म्हणजे मधल्या जागेवर. उडी मारून बॉल घेतला आणि उतरताना गुडघा फिरला, लिगामेंटचं ऑपरेशन झालं. आता म्हणते मी कोच होणार, इंग्लंडच्या कोचचंपण असंच झालं होतं. तिचे बाबा म्हणतात कबड्डी तरी असती, हे नेटबॉल इथे विचारतो कोण? – एक आई

उत्तर : बाबा काही अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत हो. आपल्याकडे मोकळी जागा दिसली की कबड्डीचं मैदान आखतात आणि नेटबॉल म्हटलं की, म्हणजे बास्केटबॉलच ना? ऑलिंपिकमध्येही हा खेळ नाही, त्यामुळे पैसा कमी आणि बातम्या त्याहून कमी.

लेक बोलतेय ती बहुतेक ट्रेसी नेव्हिल, २०१९ पर्यंत इंग्लंडची कोच होती. फुटबॉलवाल्या गॅरी आणि फिल नेव्हिलची बहीण, फिलची तर जुळी (तिकडेही तिची ओळख आधी भावांवरूनच करून देतात, असो). इंग्लंडकडून खेळली, गुडघ्यानं खेळ थांबवला, आणि २०१८ च्या गोल्ड कोस्ट कॉमनवेल्थला तिच्या टीमनं ऑस्ट्रेलियाला ५२-५१ नं हरवून गोल्ड घेतलं, शेवटचा गोल अगदी शेवटच्या सेकंदाला. पण लेकीला मधली वर्षं वाचायला सांगा. आधी मँचेस्टर थंडर या क्लबला कोचिंग, २०१२ आणि २०१४ ला लीग जिंकली, मग २०१५ ला इंग्लंडची टीम हातात आली, आणि त्याच वर्षी सिडनीत वर्ल्ड कपच्या तोंडावर वडील गेले, तरी ती टीमबरोबर थांबली आणि ब्राँझ घेऊनच परतली. न्यूझीलंडची कोच नोलीन टौरुआ हिचंही तसंच, तिनंही आधी क्लबच्या टीम जिंकवल्या, मग २०१८ मध्ये देशाची टीम मिळाली आणि २०१९ ला लिव्हरपूलला वर्ल्ड कप, तोही ५२-५१ नंच. थोडक्यात, चांगली खेळाडू होती म्हणून कोणी आयती कोच झाली नाही, ते काम वेगळं शिकावं लागलं.

आणि शिकायला तुमच्या लेकीकडे आत्ताच मटेरियल आहे. नेटबॉलमध्ये बॉल हातात आला की पळायचं नाही, ३ सेकंदांत पास द्यायचा, म्हणजे प्रत्येक कॅचला जोरात येऊन जागच्या जागी थांबायचं, सगळा भार गुडघ्यावर. त्यात आपल्याकडचं जांभ्याचं कडक मैदान, पावसात वर शेवाळ. फिजिओ तिला आता उतरायला शिकवत असेल, दोन्ही पायांवर, गुडघा वाकवून, आवाज न करता. हे सगळं वहीत लिहून ठेवू दे. मग गावातल्या शाळेत पाचवी-सहावीच्या मुलींना उड्या मारायला लावून समोरून बघायचं, उतरताना कोणाचा गुडघा आतल्या बाजूला झुकतो, कारण तोच दुखावण्याची भीती जास्त. हे ज्या कोचला दिसतं तिच्याकडे आई-बाप मुली पाठवतात, बघा.

पोटापाण्याचं स्पष्टच सांगते, नुसत्या नेटबॉल कोचिंगवर कोकणात घर चालणार नाही. डिग्री पूर्ण करून बीपीएड करू दे, म्हणजे शाळेत पीटी टीचरचा रस्ता राहतो. पतियाळाच्या एनआयएसला (खेळाच्या कोचिंगची सरकारी संस्था) कोचिंगचे कोर्स असतात, फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षी कुठले खेळ आहेत ते बघा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठला खेळ आणि कुठल्या लेव्हलचं सर्टिफिकेट चालतं ते जीआरमध्ये स्वतः वाचा, कोणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

प्रश्न : आमच्या मालवणच्या शाळेत बास्केटबॉलचा बोर्ड मोडलाय, तिथेच नेटबॉल सुरू करता येईल का? – एक शिक्षक

उत्तर : येईल की सर, नेटबॉलला बोर्ड लागतच नाही! पोल आणि वर १० फुटांवर रिंग, बस. पूर्ण कोर्ट १०० बाय ५० फूट, म्हणजे बास्केटबॉलपेक्षा थोडं लांब, पण लहान मुलांना आहे तेवढ्यात खेळू द्या. बॉल मात्र नेटबॉलचाच घ्या, बास्केटबॉलचा मोठा आणि जड पडतो. आणि पोल गॅल्व्हनाइज्ड पाइपचा करून घ्या, साधं लोखंड खाऱ्या हवेत दोन पावसाळेसुद्धा काढत नाही.