जी आली नाही, तिच्याबद्दल

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. मानसशास्त्रात एम. ए. केलंस ते माणसांशी बोलायला, आणि आता कॅन्सरच्या पेशंटवरच्या अभ्यासासाठी दिवसभर फोन लावतेस, फॉर्म भरून घेतेस, एक्सेलमध्ये आकडे टाकतेस. समोरची बाई रडायला लागली तरी ‘थेरपी देणं तुमचं काम नाही’ असं ऐकावं लागतं. सगळं समजलं. पण मधेच एक ओळ आहे, ती तू पटकन ओलांडून पुढे गेलीस. दोन पेशंट यायच्या बंद झाल्या, आणि सरांनी सांगितलं की ‘संपर्क तुटला’ असं लिहून पुढच्या घे. मला तर तुझी सगळी घालमेल त्या ओळीतच दिसते.

आधी त्या दोघींकडे जा. बाकीचं मग बोलू.

तुमच्या अभ्यासातली थेरपी, ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, जिला आपण सगळे ॲक्ट म्हणतो, ती काय सांगते ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. कॅन्सर परत येईल ही भीती पुसून टाकायची नाही, ती असतानाच नातवाला शाळेत सोडायला जायचं, लग्नाला जायचं, कामावर जायचं. याचा उपयोग होतो का हे तपासायला तुम्ही चिठ्ठी काढून दोन गट केले आणि सुरुवातीला, थेरपी संपल्यावर आणि पुढे काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारताय. आता मला सांग, त्या शेवटच्या भेटीला कोण येतं? जिला बरं वाटतंय ती. जी इथे सोलापुरातच, सात रस्त्याजवळ राहते ती. जिचा नवरा सोबत येतो ती. आणि कोण येत नाही? जिच्या गालातली गाठ परत आलीय ती. जिला घरातून निघावंसंच वाटत नाही ती. आलेल्यांचीच बेरीज मांडलीस तर कुठलीही थेरपी गुणकारी दिसू शकेल.

म्हणून नियम असा आहे की ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात ती बाई शेवटपर्यंत मोजायची, एकदाही फिरकली नाही तरी. तिची न मिळालेली उत्तरं संख्याशास्त्रज्ञ अंदाजाने भरतात. तो अंदाज कशावर उभा असतो? ती का आली नाही यावर. बस चुकली म्हणून न येणं वेगळं आणि जगणं नकोसं झालं म्हणून न येणं वेगळं. संगणकाला दोन्ही रिकामेच रकाने दिसतात. कारण कळलं तर फोन लावणाऱ्या माणसालाच कळणार. म्हणजे तुला. आणि तू मला विचारतेस, माझ्या कामात मानसशास्त्र कुठे आहे!

हे शिकायला तुला परदेशातले निबंध उघडायची गरज नाही, आपली बार्शी आहे. तिथली कॅन्सर नोंदणी 1987 साली सुरू झाली, ग्रामीण भागातली देशातली पहिली. ते लोक दवाखान्यात पेशंटची वाट बघत बसले नाहीत, गावोगाव गेले. खेड्यातली बाई आपण होऊन दवाखान्यात येत नाही हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पुढे बार्शी आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या लोकांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी केली, 1,31,746 बायकांची. ती 2009 मध्ये छापून आली. एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी देऊ केलेल्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू, काहीच तपासणी नसलेल्या गटात 64. तपासणीला न आलेल्या बायकाही त्या हिशेबात आपापल्या गटातच धरल्या होत्या, म्हणून जगाने तो आकडा मानला. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं काम आहे हे. तुमच्या थेरपीच्या अभ्यासाला त्याहून हलका नियम का असावा?

आता राग येतो तो सांगते. ‘संपर्क तुटला’ हे कारण नव्हे. संपर्क कुणाचा कुणाशी तुटला? फोन लागला नाही की उचलला नाही? नंबर तिचा की मुलाचा? किती वाजता लावलास? बिड्या वळणारी बाई रोज माल घेऊन कारखान्यात जाते, मोजून देते, दुसऱ्या दिवसाची पानं-तंबाखू घेऊन येते. तुमची अकराची वेळ म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी. बायकांचं एसटीचं तिकीट 2023 पासून अर्धं झालं खरं, पण सोबत येणाऱ्या नवऱ्याचं पूर्णच आहे. अक्कलकोटकडची बाई घरात कानडी बोलते, शहराच्या पूर्व भागातली तेलुगू, आणि तुमचा फॉर्म मराठीत. ती दोन भेटी हसून निभावते आणि तिसऱ्या भेटीला येत नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तारीख दिली असशील तर तो दोष तिचा नाही. जबड्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला फोनवर बोलायचीच लाज वाटते, शब्द नीट फुटत नाहीत म्हणून, आणि तुम्ही तिला फोनवरच गाठताय.

यातलं प्रत्येक कारण वेगळं लिहायचं. रोज लिहायचं.

त्या दोघींचे शेवटचे फॉर्म काढून बघ. नुसती बेरीज बघू नकोस, एकेक उत्तर वाच. पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांत झोप, भूक, थकवा आहेत. रेडिएशन नुकतंच संपलेल्या बाईला थकवा असणारच, त्याने बेरीज फुगते. एचएडीएस या चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या दुसऱ्या फॉर्मच्या 14 प्रश्नांत अशी शरीराची लक्षणं मुद्दाम टाळली आहेत ती यासाठीच. पण पीएचक्यूचा नववा प्रश्न, मरून जावंसं वाटण्याचा, तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर ती बाई ‘न आलेली’ राहता कामा नये. त्याच दिवशी सरांना सांगायचं, संध्याकाळपर्यंतही थांबायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येकीच्या हातात कागदावर लिहून दिलेला हवा. समुपदेशन तुझं काम नाही हे बरोबर आहे, पण ती बोलत असताना फोन ठेवायचा नाही आणि पुढच्या माणसाच्या हाती तिला सोपवल्याशिवाय उठायचं नाही, हे तुझंच काम आहे.

त्यांच्याकडे जाण्याचेही नियम आहेत. ‘मला नको’ असं जी म्हणाली तिला कारण विचारत बसायचं नाही. कारण न देता बाहेर पडायचा तिला हक्क आहे आणि तिच्या संमतीपत्रात तो लिहिलेला आहे. मी बोलतेय ती नुसती गप्प झालेल्यांबद्दल. फोन सासूने उचलला तर दवाखान्याचं नाव नाही, आजाराचं तर नाहीच. आपलं नाव सांगायचं, ताईंना जमेल तेव्हा फोन करायला सांगायचं, बस. पुढच्या पेशंटच्या वेळी संमती घेतानाच विचारून ठेव की कुणाच्या फोनवर, कुठल्या वेळी, आणि घरी आलेलं चालेल का. आणि ती बोलता बोलता ‘त्या समुपदेशक बाईंचं मला पटलं नाही’ असं म्हणाली, तर तिचा गट तुला कळला, आणि मोजणाऱ्याला तो कळता कामा नये. ते तसंच लिही आणि तिची पुढची मोजणी दुसऱ्याला करायला सांग. लपवू नकोस.

तू म्हणशील, ताई, हे सगळं करून मिळतं काय? हाच प्रश्न मला घरच्यांनी, सहकाऱ्यांनी आयुष्यभर विचारला. पीएच. डी. केली असतीस तर आज प्राध्यापक असतीस, म्हणे. असते. एका मोठ्या अभ्यासात गळालेल्या प्रत्येक बाईचं कारण मी वहीत लिहून ठेवलं होतं. अहवाल करताना तो रकाना गाळला गेला. जागा नव्हती म्हणाले. मी भांडले, चारचौघांत भांडले, आणि पुढच्या कामाला मला बोलावणं आलं नाही. त्या वहीतलं कुणाला वाचायला मिळालं नाही ही खंत मला अजून आहे. भांडल्याची नाही. त्या वहीतल्या निम्म्या बायकांना थेरपी नको नव्हती, तिथपर्यंत पोचायची वाट नको होती. हे त्या अहवालात असतं तर पुढचा अभ्यास त्यांच्या वस्तीत झाला असता. गोव्यात नाही का झालं? तिथे नैराश्यावरचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातून, त्याच भागातल्या शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी दिले, आणि ते लागू पडले. 2017 मध्ये जगाने वाचलं. हे आपल्या कुंभारीच्या विडी कामगारांच्या वस्तीत झालं नसतं का? मला अजून वाटतं, झालं असतं. मी निबंध लिहिले नाहीत, माणसं शोधली, आणि पुन्हा वेळ आली तर तेच करेन.

पुण्याच्या नोकरीचं विचारलंस. अर्ज कर. पुढचं शिकून थेरपिस्ट व्हायचं असेल तर जरूर हो, तुझ्यात ते आहे, फोनवर तू कशी ऐकतेस ते मी ऐकलंय. पण थेरपिस्ट झाल्यावरही तुझ्या वेळेला न आलेल्या माणसाचं काय करतेस, यावरच मी तुला ओळखेन. आणि नोकरी सोडलीस तर तुझ्या जागी येणाऱ्या पोराच्या हातात फोनच्या वेळा आणि कारणांची वही दे. नुसती एक्सेलची फाइल देऊन निघू नकोस.

या आठवड्यात सरांकडून त्या दोघींच्या घरी जायची लेखी परवानगी घे. ज्या दिवशी कारखान्याला सुट्टी असेल तो दिवस धर, आणि तेलुगू बोलणारी कुणीतरी सोबत ने. ओळखपत्र पर्समध्ये ठेव, गळ्यात नको. काय कारण निघालं ते मला कळवायचं नाही, नावं तर नाहीतच. ते अभ्यासाच्या कागदात जाऊ दे. गेलीस की नाही, एवढंच कळव.

तुझी,
ताई