सुरुवातीचे 'कल' असतात, 'कौल' नव्हे

विचारणा अशी आहे: मतमोजणीच्या दिवशी कुणी 'सुरुवातीचे कल' म्हणतं, कुणी 'सुरुवातीचे कौल'. बरोबर काय? आणि हा कौल म्हणजे छपरावरचंच कौल का?

'सुरुवातीचे कौल' साफ चूक. सकाळी आठला टपाली मतं मोजायला घेतात, यंत्रांची मोजणी अर्ध्या तासाने सुरू होते आणि तेवढ्यात निवेदक ओरडायला लागतो, 'पहिला कौल हाती आलाय!' हाती काहीही आलेलं नसतं. दिवस कलतो, तागडी कलते, तसा आकडा एका बाजूला कलतो, तो कल. दुपारपर्यंत कल चार वेळा फिरतो. कौल एकदा मिळाला की मिळाला. एक्झिट पोललाही आता 'कौल' म्हणतात. लोकसभा निवडणुकीत १ जून २०२४ च्या संध्याकाळी यातल्या बहुतेक 'कौलांनी' भाजपच्या रालोआला (राष्ट्रीय लोकशाही आघाडीला) साडेतीनशेच्या पार नेऊन ठेवलं होतं; ४ जूनला मतदारांनी २९३ जागा दिल्या. असं तोंडघशी पडूनही हा शब्द काही सोडवत नाही.

छपराचं कौल नपुंसकलिंगी, अनेकवचन कौलं. मतदारांचा कौल पुल्लिंगी. दोघांचा काही संबंध नाही.

आपला कौल अरबी. अर्थ बोल, दिलेला शब्द, म्हणून 'कौलकरार'. आणि कव्वाल त्याच धातूचा! सूफी मैफलीत पैगंबरांच्या वचनावर बांधलेल्या रचनेला आजही 'कौल' म्हणतात, आणि ती गाणारा तो कव्वाल. म्हणजे भीमजयंतीच्या मंडपात रात्र रात्र रंगणारे कव्वालीचे सामने आणि 'जनतेचा कौल' एकाच घरातले. हे नातं मला फार आवडतं, ज्याला त्याला सांगत असतो.

शिवकाळात आणि पेशवाईत कौल द्यायचं सरकार. गाव ओस पडलं, रयत परागंदा झाली, की परत बोलावण्यासाठी कौल: जमीन कसा, पहिली काही वर्षं सारा हलका, मग चढत जाईल, उपद्रव होणार नाही. वेढ्यातल्या किल्लेदाराने खाली उतरायचं तर जिवाच्या हमीचा कौल हवा. कंपनीच्या गोऱ्यांनीही हा शब्द उचलला; १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात तो आहे.

निवडणुकीतला कौल या कौलनाम्यातून, म्हणजे सरकारच्या लेखी कौलातून आला असं जाणकार म्हणवणारे सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. दिशा बघा की! कौलनाम्यात सत्ता शब्द देते आणि रयत तो घेते. निवडणुकीत उलट, मागणारा पुढारी, देणारी रयत. नुसत्या कागदावरून हा उलटा फेरा कसा पडेल? माझ्या मते हा कौल दरबारातून नाही, देवळातून आला. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. गुरव पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या किंवा तांदूळ मूर्तीच्या अंगावर उजवी-डावीकडे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, 'उजवा कौल दे रे महाराजा' म्हणतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इथे मागणारा खाली हात जोडून उभा, बोलणारा गाभाऱ्यात. पुढारी 'जनतेचा कौल मागायला' निघतो तेव्हा तो याच गाऱ्हाण्याची भाषा बोलत असतो. आणि पाकळी नुसती हलली तर त्याला कुणी कौल म्हणत नाही, पडावी लागते. कल आणि कौल यांतला फरक गुरवाला कधीच शिकवावा लागला नाही.

गोव्यात तर या शब्दाचे सगळे अर्थ एकाच प्रकरणात आले. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. हा कौलाचा मूळ अरबी अर्थ, दिलेला शब्द. मतदारांनी कौल दिला, ११ आमदार निवडून आले. सप्टेंबरमध्ये त्यातले ८ भाजपमध्ये गेले. शपथेचं काय, असं विचारल्यावर त्यांच्यातल्या एका माजी मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की आपण देवाला विचारलं, आणि तुला जे योग्य वाटेल ते कर असं देव म्हणाला. मला याची चीड येते. देवाला विचारलं म्हणता, पण ज्यांनी कौल दिला त्या मतदारांना कुणी विचारलं? महाराष्ट्रात २०१९ च्या विधानसभेने तीन मुख्यमंत्री बघितले, आणि दर वेळी 'कौल' आपल्याच बाजूचा असल्याचं सांगितलं गेलं. देवळात ज्या गाऱ्हाण्यावर कौल लावला, त्याच गाऱ्हाण्याला तो लागू होतो. गाऱ्हाणं बदललं तर पाकळ्या नव्याने लावाव्या लागतात.

'कौल' परका म्हणून 'जनादेश' लिहा, असं शुद्धिवाले सांगतात. लिहू नका. आदेशात नुसता हुकूम आहे. कौलात मागणं आहे, वाट बघणं आहे, आणि डावा पडण्याची भीतीही आहे. शिवाय 'उजवा जनादेश' म्हणून बघा एकदा.

क्रियापदंही सांभाळा. कौल लावतात, मागतात, देतात, घेतात. 'कौल जिंकला' हे मराठी नाही. न्यायालयाचा 'कौल' हीदेखील वाहिन्यांची कामगिरी. न्यायालय निकाल देतं.