अनोळखी क्रमांकाला ‘कोण?’ विचारताना

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात शिकतो. त्याच्या मामाने नव्या क्रमांकावरून ‘कसा आहेस?’ असा मेसेज पाठवला, तेव्हा मुलाने ‘न्यू फोन, हू डिस?’ एवढेच उत्तर दिले आणि मामा दुखावला. हे बोलणे उद्धट आहे का? आमच्या सासूबाईही फोन उचलताच खानदेशातल्या अहिराणीत ‘कोन बोली ऱ्हायनं?’ (कोण बोलतंय?) असे विचारतात. तेही मला खटकते.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ‘फोन नवा आहे, आपण कोण?’ एवढाच त्या इंग्रजी वाक्याचा सरळ अर्थ आहे. ‘धिस’चा ‘डिस’ हा उच्चार अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत रुळलेला असून तेथूनच तो तरुणांच्या तोंडी आला. मात्र समोरची व्यक्ती ठाऊक असतानाही संबंध तोडण्यासाठी ओळख नसल्याचा बहाणा करायचा, असाही या वाक्याचा उपयोग होऊ लागला आणि त्यामुळे त्याला एक बोचरी धार आली. मुलाच्या मनात तसे काही नसावे. तरीही मित्रांत चालणारे हे वाक्य अनोळखी क्रमांकाला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या क्रमांकामागे मित्र आहे की मामा, हे उत्तर देणाऱ्याला त्या क्षणी कळत नसते.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. ‘ऱ्हायनं’ हे नपुंसकलिंगी रूप आहे आणि प्रमाण मराठीतील ‘कोण बोलतंय?’ हेही तसेच आहे. बोलणारा पुरुष आहे की स्त्री, लहान आहे की मोठा, हे ठाऊक नसताना आपली भाषा नपुंसकलिंगाचा आश्रय घेते आणि कोणाविषयी काहीही गृहीत धरत नाही. हिंदीत नपुंसकलिंग नसल्यामुळे ‘कौन बोल रहा है?’ असे पुल्लिंगीच विचारावे लागते. अहिराणी आणि प्रमाण मराठी या दोघींनी जपलेली ही सोय मला फार मोलाची वाटते, आणि तिच्यात अनादर मुळीच नाही. ‘कोन शे भो?’ (कोण आहेस भाऊ?) हे मात्र बरोबरीच्या माणसालाच शोभते.

लेखी उत्तर द्यायचे असल्यास ‘नंबर सेव्ह नाही, आपण कोण?’ हे पुरेसे आहे. खरे तर नाव आधी सांगण्याची जबाबदारी फोन किंवा मेसेज करणाऱ्याची असते. आपल्याकडे ‘ओळखलं का?’ असे विचारून कोडे घालण्याची आप्तांची सवय जुनी आहे आणि भामटे नेमका तिचाच फायदा घेतात : आपण अंदाजाने ‘कोण, सुरेशभाऊ का?’ म्हटले की समोरचा लगेच सुरेशभाऊ होतो आणि अडचण सांगून पैसे मागतो. म्हणून अंदाज न करता ‘नाही ओळखलं, नाव सांगा’ असेच म्हणावे. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून येतात, त्यांना उत्तर देण्याचे कारण नाही. आणि फसवणूक होऊन पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

मुलाला मामांना मेसेज न पाठवता फोनच करायला सांगा, आणि ‘मामा, तुमचा नवा नंबर माझ्याकडे नव्हता’ हे त्याच्याच आवाजात त्यांच्या कानी पडू द्या.