नोकरी सोडून हातकामाचा धंदा सुरू करावा का? भांडवल किती लागेल?

आपल्या पत्रात आपण कापड, यंत्र, जागा आणि जाहिरात यांचा खर्च तपशिलाने मांडला आहे. मजुरीपुढे मात्र ‘घरचेच काम’ एवढेच लिहिले आहे. हे दोन शब्द वाचले नसते, तर मी उत्तर लिहायला बसले नसते.

हिंजवडीतील अकरा वर्षांची नोकरी सोडून मी सोलापूरला परतले आणि आईच्या मदतीने गोधड्या शिवू लागले. पहिलीच मोठी मागणी पुण्याच्या एका दुकानाकडून आली, पंचवीस गोधड्यांची. दादाने हिशेब केला: एका गोधडीला कापड, दोरा आणि पाठवणी मिळून सहाशे, विक्री बाराशे, म्हणजे निम्मा नफा. प्रत्यक्षात एका गोधडीला आम्हा दोघींचे सहा दिवस जात होते. कडेपासून मध्याकडे धावदोरा घालता घालता आईच्या बोटाचे टोक सुईने इतके चिरले की, पीठ मळून झाले की भाकरी थापायला ती मला हाक मारी. दोघींना मिळून रोज शंभर रुपये पडत होते. आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायकांनाही याहून जास्त मिळतात. हे दाखवले तेव्हा दादा म्हणाला, ‘आईच्या हाताचे पैसे कसले धरायचे?’ तो स्वतः सल्लागार असून अशिलांना तासावर बिल लावतो.

माझे मत स्पष्ट आहे: घरच्यांची मजुरी धरल्यावर जो उरत नाही, तो नफा नव्हेच. ‘एवढ्यात सोलापुरी चादर येते’ असे गिऱ्हाईक म्हणेलच; पण त्या चादरी बहुतांशी यंत्रमागावर निघतात, त्यांच्या भावाशी हातकामाने झुंजू नये. मी दर अडीच हजारांवर नेला, निम्मी गिऱ्हाइके गेली, आणि आईचा रोज सुरू झाला.

भांडवलाचे म्हणाल, तर वर्षभराचा घरखर्च बाजूला हवा, कारण दुकानदार उधारीवरच माल मागतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे, ती आधी करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघुउद्योगाचे पैसे, लेखी करारात जास्त मुदत असली तरी, माल घेणाऱ्याला ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागतात.

माझ्या यजमानांचा पगार चालू होता, हे खरे तर आधी सांगायला हवे होते. तो नसता तर पंचवीस गोधड्या शिवण्यात गेलेल्या त्या पाच महिन्यांत मी पुन्हा हिंजवडी गाठली असती. आपल्या घरात दुसरा पगार नसेल, तर मजुरीचा आकडा भरून हिशेब पुन्हा करावा आणि राजीनामा तोवर थांबवावा.