जनुकसंचांची तुलना सुरू करताना

पहिल्याच आठवड्यात वीस वनस्पतींचे जनुकसंच उतरवून घेण्याचा मोह आवरा. २००० साली जनुकसंच प्रसिद्ध झालेली अरॅबिडॉप्सिस (मोहरीच्या कुळातील एक छोटी वनस्पती) आणि २००५ सालचा भात, एवढी जोडी बरेच दिवस पुरते. ब्लास्टमध्ये (जनुकक्रमांतील साम्य शोधणाऱ्या संगणकीय साधनात) सर्वांत वर आलेले जनुक तेच समकक्ष, म्हणजे त्याच पूर्वज जनुकापासून दुसऱ्या वनस्पतीत आलेले, असे मानण्याची चूक बहुतेकांकडून होते (माझ्याकडूनही झाली होती). वनस्पतींत पूर्ण जनुकसंच दुप्पट झाल्याने जनुकाच्या अनेक प्रती उरतात, म्हणून आधी त्या जनुकांचा वंशवृक्ष काढा. वंश जुळला तरी कार्य जुळेलच असे नाही: अरॅबिडॉप्सिसमधील ‘सीओ’ हे जनुक मोठ्या दिवसांत फुलोऱ्याला चालना देते, तर भातातील त्याचे समकक्ष ‘एचडी१’ मोठ्या दिवसांत फुलोरा रोखते. हेच उदाहरण स्वतः पडताळून पाहा. गव्हाला तूर्त हात लावू नका. त्यात वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेले तीन उपजनुकसंच एकत्र नांदतात.