शिक्का नसलेला सातबारा

प्रश्न : ऑनलाइन सातबारा काढला. पीक कर्जासाठी बँकेत दिला तर ‘तलाठ्याचा सही-शिक्का आणा’ म्हणाले. हा उतारा खरा धरायचा की नाही?

उत्तर : आधी कुठला काढलाय ते पाहा. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो तो फक्त माहितीपुरता. तो नाकारला तर बँकेचं बरोबर आहे. ‘डिजिटल सातबारा’ संकेतस्थळावरून १५ रुपये भरून उतरवलेला मात्र सरकारी आणि कायदेशीर कामांना चालतो, वेगळा शिक्का लागत नाही. त्यावर १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. तो त्याच संकेतस्थळावर टाकला की उतारा समोर येतो. काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा क्रमांकाखाली पेनाने रेघ मारा आणि ‘हा टाकून बघा’ म्हणा. रबरी शिक्का कुठल्याही दुकानात बनतो. हा क्रमांक बनत नाही. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण शिक्का मागायचा तर सगळ्यांच्या तोंडी तलाठीच.)

एक मात्र ध्यानात ठेवा. डिजिटल सही म्हणजे उतारा सरकारी दप्तरातला आहे एवढीच हमी. दप्तरातच नाव किंवा क्षेत्र चुकलं असेल, तर तीच चूक सहीनिशी हातात येते. लेखनप्रमादासाठी, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकीसाठी, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो. प्रलंबित फेरफाराची (जमिनीवरच्या हक्कातल्या अजून मंजूर न झालेल्या बदलाची) नोंदही वाचा. बँक ती नक्की वाचते.

प्रश्न : ई-आधारवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह येतं. फाइल बनावट आहे का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. सही देणारं प्रमाणपत्र तुमच्या संगणकातल्या अॅडोबी रीडरच्या ओळखीचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. चिन्हावर राइट क्लिक करून ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’, मग ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’ आणि ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’ उघडा. प्रमाणपत्रांच्या साखळीत सर्वांत वर ‘सीसीए इंडिया’ (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्रांवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा) दिसलं, तरच ‘ट्रस्ट’मध्ये जाऊन ‘अॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ करा आणि पुन्हा तपासा. सही केल्यानंतर फाइलमध्ये बदल झाल्याचा इशारा आला, तर ती वापरू नका, नव्याने उतरवा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो किंवा स्क्रीनशॉट नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. चित्रात सही राहत नाही.

प्रश्न : सातबाऱ्याचे पैसे कापले गेले, उतारा आलाच नाही. पुन्हा भरू का?

उत्तर : लगेच नको. आधी त्याच संकेतस्थळावर पेमेंटची स्थिती तपासा. रक्कम बहुतेक वेळा तिथल्या तुमच्या खात्यात शिल्लक म्हणून जमा झालेली दिसते. त्याच शिलकीतून उतारा निघतो.