‘पॉवरसेव्ह’ दिसलं म्हणून घाबरू नका

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. गव्हर्नर बघितला तर ‘पॉवरसेव्ह’. प्रोसेसर मुद्दाम हळू चालवला जातोय का? ‘परफॉर्मन्स’ करून टाकू? (सांगली)

थांबा. तुमचा प्रोसेसर बहुधा इंटेलचा आहे आणि सगळा घोळ नावाचा आहे. प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी, म्हणजे त्याच्या ठोक्यांचा वेग, किती ठेवायची हे ठरवणारं कर्नलमधलं (लिनक्सच्या गाभ्यातलं) धोरण म्हणजे गव्हर्नर. प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी हाताळणाऱ्या जुन्या ड्रायव्हरखाली ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे प्रोसेसर किमान फ्रिक्वेन्सीच्या खुंटीला बांधलेला. २०१३ मध्ये कर्नल ३.९ बरोबर इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर आला आणि त्याने हेच नाव भलत्याच वागणुकीला दिलं. याच्या ‘पॉवरसेव्ह’मध्ये काम आलं की फ्रिक्वेन्सी चढते, अगदी टर्बोपर्यंत (नेहमीच्या कमाल वेगाच्याही वर), आणि संपलं की उतरते. २०१५ च्या स्कायलेक या इंटेलच्या पिढीपासून तर हे बरंचसं चिपच ठरवते. कर्नल फक्त कल सांगतो, वेगाकडे की बचतीकडे.

पटत नसेल तर एका टर्मिनलमध्ये काहीतरी मोठं कंपाइल करायला लावा आणि दुसऱ्यात सिसएफएसमधली (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या /sys फोल्डरमधली) चालू फ्रिक्वेन्सीची फाइल दर सेकंदाला वाचा. आकडा किलोहर्ट्झमध्ये असतो. मघाशी ८००००० च्या आसपास रेंगाळणारा आकडा एकदम ३५ लाखांच्या पुढे गेलेला दिसेल. ‘परफॉर्मन्स’ केल्यावर फरक जाणवलाच तर बहुतेक पंख्याच्या आवाजात जाणवेल.

प्रश्न : मग उलट करतो. कमाल मर्यादाच निम्म्यावर आणून ठेवली तर बॅटरी दुप्पट टिकेल? (पिंपरी)

नाही, पण हिशोब मजेदार आहे. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी शक्ती फ्रिक्वेन्सीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा फ्रिक्वेन्सी निम्मी केली आणि त्यामुळे व्होल्टेज १ वरून ०.८ वर आणता आलं. ०.८ चा वर्ग ०.६४, त्याच्या निम्मे ०.३२. शक्ती तिसऱ्या हिश्श्याहून कमी! पण तेच काम आता दुप्पट वेळ चालणार, म्हणजे ऊर्जा ०.६४. बचत आहे, पण ती आली कुठून? व्होल्टेजमधून. व्होल्टेज आधीच तळाला टेकलेलं असेल तर फ्रिक्वेन्सी आणखी कमी करून हाती काही लागत नाही. उलट त्या दुप्पट वेळात गळतीचा प्रवाह, मेमरी, स्क्रीन यांचं मीटर चालूच राहतं.

म्हणून ‘पटकन उरका आणि झोपा’ हा मार्ग पुष्कळदा बरा पडतो. झोपेच्याही पायऱ्या आहेत, त्यांना सी-स्टेट म्हणतात. सी१ मध्ये नुसती डुलकी, सी६ मध्ये त्या कोअरची (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणकाची) वीज जवळजवळ तोडलेली. खोल झोपेतून उठायला वेळ आणि ऊर्जा दोन्ही लागतात, तेव्हा कुणी सारखं हलवून उठवत असेल तर कर्नल खोल झोपवतच नाही. पूर्वी हे हलवणं खुद्द कर्नलच करायचा, काम असो वा नसो, सेकंदाला शंभर ते हजार वेळा टायमर वाजवून. २००७ च्या २.६.२१ मध्ये रिकाम्या वेळचा हा ठोका बंद करण्याची सोय आली.

आता उठवतात ते आपणच लावलेले प्रोग्रॅम. माझीच गोष्ट सांगतो. बॅटरी अर्ध्या दिवसात संपू लागली म्हणून मी दोन संध्याकाळी गव्हर्नरशी झटापट केली. शेवटी पॉवरटॉप (प्रोसेसरला कोण किती उठवतंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) चालवलं, तर यादीत सगळ्यात वर ब्राउझर! विसरलेल्या एका टॅबमध्ये ‘लोड होतंय’चं एक चक्र फिरत होतं. टॅब बंद केला, आणि सी-स्टेटच्या तक्त्यात खालच्या, म्हणजे खोल झोपेच्या, ओळीचे टक्के चढू लागले. तेव्हा आधी पॉवरटॉप, मग बाकीचं.

प्रश्न : व्हायव्हाला ‘ऑनडिमांड आणि स्केडयुटिलमधला फरक’ हमखास विचारतात. (कराड, तृतीय वर्ष)

दोन्ही गव्हर्नरच. ऑनडिमांड ठरावीक वेळाने डोकावून ‘गेल्या खेपेत कोअर किती वेळ रिकामा होता’ एवढं बघतो. भार उंबरठ्यापलीकडे गेला की थेट कमाल फ्रिक्वेन्सी. २०१६ च्या ४.७ मध्ये आलेला स्केडयुटिल मात्र शेड्यूलरकडेच (कुठलं काम कधी, कुठल्या कोअरवर चालेल हे ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाकडे) असलेला भाराचा आकडा घेतो आणि सव्वापट करतो. कमाल २ गिगाहर्ट्झ आणि भार निम्मा, तर मागणी १.२५ गिगाहर्ट्झ, भार ८० टक्के झाला की पूर्ण २. परीक्षकांना खूश करायचं असेल तर एवढं जोडा : टास्क एका कोअरवरून दुसऱ्यावर गेली की तिच्या भाराचा हिशोबही तिच्याबरोबर जातो. ऑनडिमांडला हे कळायला मार्ग नाही.

प्रश्न : झाकण लावून लॅपटॉप बॅगेत टाकतो. सकाळी बॅग गरम, बॅटरी रिकामी. (ठाणे)

सिसएफएसच्या ‘पॉवर’ फोल्डरमधली ‘मेमस्लीप’ फाइल वाचा. चौकटी कंसात ‘एस२आयडल’ असेल, तर तुमचा लॅपटॉप खऱ्या अर्थाने निजत नाही. प्रोग्रॅम गोठवले जातात, प्रोसेसर खोल सी-स्टेटला जायला बघतो, पण एखादं डिव्हाइस अडून बसलं की सगळी चिपच अर्धवट जागी. शेजारी ‘डीप’ लिहिलेलं असेल तर ते निवडून एक रात्र काढा. त्यात मेमरी सोडून जवळपास सगळ्याची वीज तुटते. ‘डीप’ नसेलच तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) स्लीपचा पर्याय शोधा, काहींमध्ये चक्क ‘लिनक्स’ नावाने असतो. तोही नसेल तर हायबरनेट, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद. त्यासाठी डिस्कवर स्वॅपला (मेमरीतला मजकूर ठेवण्याच्या राखीव भागाला) पुरेशी जागा ठेवा. आणि बदल केल्यावर पहिल्या रात्री लॅपटॉप बॅगेत नको, टेबलावर ठेवा.